आज्जीची भाकरी आणि ‘मी केलो’

पत्र:

‘माझं माहेर बेळगावजवळ, उचगाव भागात. लग्न होऊन पुण्यात आले त्याला बराच काळ लोटला. नवरा सातारचा. मुलगा अकरा वर्षांचा आहे. आई गावीच असते आणि रोज रात्री तिच्याशी फोनवर बोलणं होतं. हल्ली मुलगा तिला दुरुस्त करतो. “आज्जी, मी भाकरी केलो नाही म्हणायचं, केली म्हणायचं.” आधी आम्ही सगळेच हसायचो, तीही हसायची. गेल्या महिन्यात फोन ठेवताना ती “ठेवते गं” म्हणाली. उभ्या जन्मात ती “ठेवतो” म्हणत आलीय. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता फोनही लवकर संपतात. मी एक वही केलीय, तिच्यात लहानपणचे शब्द लिहिते: बुट्टी, बिंदगी, परडं, वाईच, येरवाळी, कोरड्यास. पण चार पानांपुढे वही सरकत नाही. नवरा म्हणतो, निम्मं तर कानडीच आहे, जपायचं काय त्यात? भावाची मुलं बेळगावात इंग्रजी शाळेत जातात, त्यांनाही यातलं काही कळत नाही, त्याला बोलू का? मुलाला ही बोली शिकवावी का? इतक्या वर्षांनी मीच तशी बोलायला लागले तर नाटकी नाही का वाटणार? आणि हे शब्द लिहायचे तरी कसे, शुद्धलेखनात तर बसत नाहीत.’

एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई,

वही तूर्त बाजूला ठेवा. आधी आईचं बघू, कारण विचारलंय तुम्ही शब्दांबद्दल, पण झोप उडालीय ती आईमुळे.

जन्मभर ‘ठेवतो’ म्हणणारी बाई या वयात ‘ठेवते’ म्हणायला लागली, म्हणजे फोन कानाला लावला की ती आता सांभाळून बोलते. सांभाळून बोलणारं माणूस कमी बोलतं. फोन लवकर संपतात त्याचं कारण हेच आहे, तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही असं नव्हे. नातवावर तिचा राग नसणार. पोरगं शिकतंय, हुशार आहे, आपलंच चुकत असेल, असं तिनं धरलं आहे. आणि हे मला तिच्या गप्प होण्यापेक्षाही वाईट वाटतं.

तेव्हा आज रात्री फोन कराल तेव्हा मुलगा त्याच खोलीत असू दे आणि तुम्ही माहेरच्या भाषेत बोला, खणखणीत. “काय करायलीस आई? जेवलीस काय? मी आज आमटी-भात केलो बघ, लईच झाला.” जीभ अडखळेल, अडखळू दे. आईला ‘तू तुझ्याच भाषेत बोल, आम्हाला आवडतं’ असं समजावत बसू नका. असं सांगितलं की माणूस आणखी अवघडतं, प्रत्येक वाक्य तोलून बोलायला लागतं. लेकीच्या तोंडचं ‘केलो’ तिच्या कानावर पडलं की पुरे. मुलाला माफीबिफी मागायला लावू नका. आई तेवढ्यानंच कळवळेल आणि ‘पोराला कशाला बोललीस’ म्हणून उलट तुमच्यावरच चिडेल.

मुलाशी मात्र बोलायला हवं, आणि ते रागावून नको. तो वाईट वागला नाही. शाळेत एक नियम शिकला, त्या नियमाचा त्याला अभिमान आहे आणि जिथं तो मोडलेला दिसला तिथं त्यानं बोट ठेवलं. त्याला सांगायचं ते एवढंच की आज्जीचाही एक नियम आहे. व्याकरणाची वही घेऊन बसा त्याच्याबरोबर. पुस्तकातल्या मराठीत ‘मी भाकरी केली, मी भात केला, मी काम केलं’. क्रियापद भाकरीमागे, भातामागे, कामामागे धावतं. आज्जीच्या मराठीत ‘मी भाकरी केलो, मी भात केलो, मी काम केलो’. क्रियापद करणाऱ्याला धरून राहतं, काय केलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘तू काम केलास’, ‘मी तुला सांगितलो की’, ‘मी त्याला काल बाजारात बघितलो’, सगळीकडे तोच हिशेब. आज्जी यात एकदाही चुकत नाही. मुलाला म्हणावं, तूच परीक्षा घे, चार वाक्यं दे तिला आणि बघ.

‘ठेवतो’चंही तसंच. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो, मी आलो’ म्हणतात, आणि पुण्यात ते ऐकून लोक हसतात. पण शेजारच्या कन्नडात ‘मी’ आणि ‘तू’बरोबरच्या क्रियापदाला लिंगच नसतं, बाई बोलो की बुवा, रूप एकच. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा एकाच गल्लीत, एकाच बांधावर बोलल्या गेल्या, तिथं व्याकरणही एकमेकांकडे ये-जा करतं. यावर अभ्यासही झालाय. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी पाहिलं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षांच्या शेजारानं इतक्या जवळ आल्यात की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर शब्दामागे शब्द बदलत जायचं, वाक्याची रचना हलवावी लागत नाही. १९७१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही कुपवाडचं नाव निघतं. उचगाव काही कुपवाड नव्हे, पण तुमची आई जे बोलते ते त्याच जातीचं आहे. ती मराठी चुकवत नाही. तिची मराठी त्या मातीत अशी घडली आहे.

परीक्षेच्या पेपरात मुलानं ‘मी अभ्यास केला’ असंच लिहायचं, हेही त्याला स्पष्ट सांगा. हे सदर मीसुद्धा छापील मराठीतच लिहिते आणि घरी गेले की ‘येतो’, ‘जातो’ सुरू होतं. माणसाला दोन्ही येतात. अकरा वर्षांच्या मुलाला तर सहज येतात, तो शाळेत एक, मित्रांत एक आणि गेम खेळताना आणखी तिसरीच भाषा बोलत असणार.

आता यजमानांचं. ‘निम्मं कानडी’ हे त्यांचं म्हणणं शब्दांच्या हिशेबानं अगदी खोटं नाही. बुट्टी कन्नडातही आहे, बिंदगी म्हणजे तिकडची बिंदिगे, हुडकणं, हुग्गी, दहीबुत्ती हेही तिकडचंच. पण मग सातारच्या घरातलं तूप, अडकित्ता आणि खलबत्ताही बाहेर काढावे लागतील, घरातल्या अण्णांना आणि अक्कांनाही दुसरी हाक शोधावी लागेल. हे सगळे शब्द दक्षिणेकडूनच आलेत. यजमान लहानपणी विटीदांडू खेळले असतील तर त्यांना विचारा, विटी किती लांब गेली ते दांडूनं मोजताना काय म्हणायचात? ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं काहीतरी सांगतील. गावोगाव उच्चार थोडे बदलतात. ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पोरांनी ते शतकानुशतकं मैदानात सांभाळले आणि कुणाची मराठी बाटली नाही. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी एक आहे कर्नाटकात, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी, आणि त्याच जागी कन्नड आणि तमिळ ओळीही कोरलेल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. भाषेचं वय सांगताना आपण अशा शिलालेखांकडे अभिमानानं बोट दाखवतो. मग त्याच शेजाराची खूण आईच्या बोलण्यात दिसली तर लाज का वाटावी?

लाजेचा विषय काढलाच आहे तर त्यावर जरा थांबते, कारण मला वाटतं तुमच्या वहीची सगळी मेख इथं आहे.

जुने शब्द दोन वेगवेगळ्या कारणांनी जातात आणि आपण ते एकाच वहीत एकाच रांगेत लिहून बसतो. काही शब्द वस्तूबरोबर गेले. आपल्याकडे पेरायला कुरी होती, पाणी काढायला मोट होती. धान्य मापायला चिपटं, मापटं, शेर, पायली होती: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. १९५८ पासून दशमान वजनमापं टप्प्याटप्प्यानं आली आणि किलोनं हे सगळं कुटुंब घराबाहेर काढलं. चूल गेली तशी वैल, म्हणजे तिला जोडलेली धाकटी चूल, गेली, न्हाणीतला बंब गेला. हे शब्द घरात परत बोलते करायचा हट्ट धरू नका. गॅसच्या शेगडीला वैल नसते, मुलगा ‘वैल’ कुठं म्हणणार? हे शब्द नोंदवायचे, नीट, अर्थासकट.

पण ‘वाईच’ म्हणजे जरासं, तो कुठल्या वस्तूबरोबर गेला? ‘येरवाळी’ म्हणजे सकाळी लवकर, तो का गेला? सकाळ तर अजून होतेच. ‘औंदा’ का गेला, ‘हुडकणं’ का गेलं, टोपलीला ‘बुट्टी’ म्हणायचं आपण का सोडलं? टोपली आहे, हातात आहे. हे शब्द लाजेनं गेले. कुणीतरी हसलं, कुणीतरी ‘काय गावठी बोलतेस’ म्हणालं, आणि आपण ते गिळले. तुम्ही पुण्यात आल्यावर गिळले असतील. बेळगावात राहिलेल्यांनी शाळेतच गिळले. ‘मी गृहपाठ केलो’ म्हणणाऱ्या पोराला फळ्यापाशी उभं करून ‘केला, केला’ असं घोकून घेणारे गुरुजी आपल्याकडेही होतेच, आणि त्यांचा हेतू चांगला होता.

यात सीमाप्रश्नाचाही वाटा आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. तुमच्या उचगावपासून चंदगडची हद्द किती जवळ आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची बाई एकाच सुरात बोलते, कानाला फरक कळत नाही. पण सरकार बदललं, पाट्या बदलल्या, आणि आपण मराठी आहोत हे रोज सिद्ध करायची पाळी आली. सिद्ध करायचं म्हणजे पुस्तकातल्या मराठीत, भाषणातल्या मराठीत. ज्या शब्दाला कन्नडचा वास, तो नको. एका बाजूनं कचेरीत कन्नडचा आग्रह आणि दुसऱ्या बाजूनं घरात शुद्ध मराठीचा, यात मधल्या मधे आपली बोली चेपली गेली. मराठीसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. आणि म्हणूनच वाटतं की ज्या मराठीसाठी ते लढले, तिच्यात ‘मी भाकरी केलो’ही होतं. ती त्यांच्या आयांची भाषा होती.

काही शब्दांना कुणाची मदत लागत नाही, हेही बघा. कुंदा, मांडे, गोकाकचं करदंट यांची नावं कुणी पुसू शकत नाही. ‘जवारी’, म्हणजे गावरान, तर बाजारातच पक्का बसलाय: जवारी काकडी, जवारी लसूण, जवारी कोंबडी. त्या नावाला गिऱ्हाईक आहे. ‘वाईच थांब’ला गिऱ्हाईक नाही, तो घरातच बोलला तर टिकतो.

तेव्हा तुमच्या वहीचे दोन भाग करा. वस्तूबरोबर गेलेले शब्द एका बाजूला, ते लिहा. लाजेनं गेलेले दुसऱ्या बाजूला, ते बोला. मुलाला ‘शिकवायचे’ नाहीत, त्याच्यादेखत वापरायचे. “वाईच सरक.” “माझा चष्मा हुडकून दे.” “उद्या येरवाळी उठायचंय.” अर्थ सांगूही नका, प्रसंगावरून त्याला कळतो. आठवड्याभरात तो चिडवायला म्हणून ते वापरेल, पुढे सवयीनं.

नाटकी वाटेल का, असं विचारलंत. सुरुवातीला वाटेल, तुम्हालाच जास्त. तोंडातली जागा दुसऱ्या सुरांनी घेतलेली असते. पण नाटकी होण्याची खरी भीती वेगळ्या ठिकाणी आहे. आपली बोली हसवण्यासाठी वापरणारे व्हिडिओ फोनवर रोज येतात. त्यात सीमाभागातला माणूस म्हणजे मोठ्यानं ओरडणारा, शिव्या घालणारा, भोळसट. मुलाला बोलीची ओळख त्यातून होऊ देऊ नका, आणि पाहुण्यांपुढे ‘आज्जीसारखं बोलून दाखव’ असं तर कधीच करू नका. एकदा ती नक्कल झाली की त्याच्या मनात ती भाषा कायमची विनोदाची होऊन बसते. जिथं खरं काम असतं तिथं वापरा: स्वयंपाकात, भांडणात, लाड करताना, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवताना.

भावाला बोलू नका. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं हा त्याचा आणि वहिनीचा निर्णय आहे, बेळगावात राहून तीन भाषांचा ताळमेळ तो रोज घालतोय, आणि पुण्याहून आलेला उपदेश कुणालाच गोड लागत नाही. त्याची मुलं आज्जीच्या घरी येत-जात असतील तर तेवढं पुष्कळ आहे.

आता नोंदवायचं कसं ते. वही चार पानांपुढे का सरकत नाही सांगू? तुम्ही शब्द आठवायला बसता. शब्द असे एकटे येत नाहीत. आईला ‘जुने शब्द सांग’ म्हणालात तर तीही दोन सांगून गप्प होईल, ‘आता काय आठवतंय बाई’ म्हणेल. तिला काम सांगायला लावा. दिवाळीत जाल तेव्हा सोप्यावर बसून, मोबाईलचं रेकॉर्डिंग तिला सांगून सुरू करा, आणि विचारा, तुम्ही नट्टीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायचात तेव्हा दिवस कसा जायचा? उठल्यापासून सांग. मग बघा. धूळवाफ पेरणी येईल, रोपाच्या मुठी येतील, भाकरीची बुट्टी कुणी डोक्यावर घेतली ते येईल, बांधावर कोण कुणाशी भांडलं ते येईल, आणि त्या भांडणात असे शब्द येतील की तुम्ही ते ऐकून लहान व्हाल. चुलीवरच्या स्वयंपाकाचं विचारा. घरातल्या बाळंतपणाचं विचारा, कारण दुखण्याखुपण्याचे, काढ्यांचे, शेकशेगडीचे शब्द पुस्तकात फार कमी येतात. पावसाचे प्रकार, म्हशीच्या सवयी, लुगड्यांचे रंग. पोरांना ओरडताना ती काय म्हणायची ते विचारा, ‘मुडद्या’ आणि ‘खुळ्या’च्या पुढचंही. ती हसेल आणि सांगेल. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी घ्या, तिचा आवाज धड आहे तोवर.

बोलताना मधे तिला तोडू नका, ‘म्हणजे काय?’ असं दर वाक्याला विचारू नका. अर्थ नंतर, दुसऱ्या दिवशी विचारा. नोंद करताना सुटा शब्द लिहू नका, तिचं अख्खं वाक्य लिहा. ‘बिंदगी: पाण्याचं भांडं’ अशी नोंद काही वर्षांनी तुमच्या मुलालाही मुकी वाटेल. तिच्याच वाक्यात, कुणी ती बिंदगी कमरेवर घेतली होती आणि कुठल्या विहिरीवरून, हे आलं की शब्द जिवंत राहतो. कुणी सांगितलं, कुठलं गाव, केव्हा, हे प्रत्येक नोंदीखाली. आणि रेकॉर्डिंग एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईल पाण्यात पडतात.

एकट्या आईवरही थांबू नका. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला घेऊन दोघींना गप्पा मारायला बसवा. कुठला शब्द कुणाच्या तोंडात कसा आहे ते तिथंच समोर येतं, आणि दोघींची दुपार चांगली जाते. गावात एकाच बोलीचे किती पदर असतात तेही कळेल. शेतकऱ्याच्या घरातलं, कुंभाराच्या घरातलं आणि भटजींच्या घरातलं बोलणं एक नव्हतं, आजही नाही. आईला माहीत नसलेला शब्द पलीकडच्या गल्लीत रोजचा असू शकतो.

मुलाला यात घ्या, पण त्याच्या वयाचं काम देऊन. मामाकडून आणि गल्लीतल्या मोठ्यांकडून खेळांचे शब्द गोळा करणं हे त्याचं काम. सागरगोट्यांना आपण गजगे म्हणायचो, त्यातले डाव, विटीदांडूची मोजणी, राज्य कुणावर आलं ते ठरवायची गाणी. बाबांनाही सातारचे शब्द विचारून शेजारी लिहायला सांगा. यजमानांचा विरोध मला वाटतं त्या तक्त्यातच विरघळेल.

गोळा केलेला शब्द आणखी कुठं सापडतो का ते बघायला दोन जुने कोश हाताशी ठेवा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडाखंडानं आला आणि त्यात बऱ्याच शब्दांपुढे प्रदेशाची खूण दिलेली असते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट चाळता येतात. ‘हा काय, कानडीच असणार’ म्हणून सोडलेला शब्द तिथं छापलेला दिसला की बरं वाटतं, आणि कोशात नसलेला शब्द आईच्या तोंडी सापडला तर त्याहून बरं. पुण्यातलंच डेक्कन कॉलेज आणि राज्य सरकारची राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलंय. गावोगावच्या माणसांची रेकॉर्डिंग त्यांच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. लोकांना बोलतं कसं करायचं ते शिकायला त्यातली दोन-चार जरूर ऐका, आई जवळ असताना ऐकलीत तर आणखी चांगलं. छापील पुस्तकासारखं न बोलणाऱ्या माणसांचं बोलणं कुणीतरी इतक्या काळजीनं जपून ठेवलंय, हे तिला दिसायला हवं.

राहता राहिलं लिहिणं. शुद्धलेखनाचे नियम प्रमाण मराठीसाठी केलेले आहेत, बोली त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. कानाला येतं तसं लिहा: ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘तुमी’, ‘सांच्याला’. एकदा जे रूप धरलंत ते वहीभर तेच ठेवा, म्हणजे नंतर शोधताना गोंधळ होत नाही. जोड-अक्षरं नीट ऐका, ‘बुट्टी’तला ट जोरकस आहे, तो एकेरी लिहिलात तर वाचणारा चुकेल. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. जिथं शंका वाटेल तिथं चमच्यातल्या उच्चाराच्या अक्षराखाली टिंब द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर ती खूण काय ते लिहून ठेवा. उचगावात ‘करायलीस’ ऐकलंत आणि पुढच्या गावात ‘करालीस’, तर बरोबर कुठलं ते ठरवत बसू नका. दोन्ही लिहा, पुढे गावाचं नाव.